पत्र्यावरचं चाक

गाडी दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा सत्यशीलेनं आधी कल्याणचे हात बघितले. गाडी नंतर.

हात स्वच्छ होते.

मच्छिंद्रच्या गॅरेजात नुसता उभा राहिलेला माणूससुद्धा काळ्या हातांनी घरी येतो. समोरच्याला पाना धरायला लावल्याशिवाय, चाक दाबायला लावल्याशिवाय मच्छिंद्रचं काम पुढं सरकतच नाही. आणि कल्याण तर सकाळी सांगून गेला होता, "एक्सल बसवून आनतो." गेला आणि चुलीवरचा चहा उतरायच्या आत परतला.

"बसवला का?" तिनं विचारलं.

"झालं सगळं. आवर. न्हावी बोलवून ठेवलाय तुझ्या भावानं."

ती आत गेली. तान्ह्या अनूचं झबलं बदलून तिनं बंद बांधले.

त्या एक्सलचं आधी सांगायला पाहिजे. कल्याणची गाडी दीडशे सीसीची. बिचारी बरी चालत होती. पण दिवाळीला सावेडीत सासुरवाडीला गेल्यावर मेव्हणा अमृत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दाजी, गाडी लई भारी. पुढून बैल आन मागून शेळी." सगळे हसले. कल्याणही हसला, पण ते हसू त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच. माणसाला लागू नये ते लागतं आणि लागायला पाहिजे ते अंगावरून वाहून जातं. कुठंतरी आपटलेल्या एका दोनशेवीस सीसीच्या गाडीचं मागलं सगळं धूड त्यानं भंगारातून उचललं. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा तो लोखंडी सांगाडा, रुंद चाक, डिस्क ब्रेक, दोन तुकड्यांची उंच सीट. आठवडाभर मच्छिंद्रच्या गॅरेजात छोट्या गाडीला मोठ्या गाडीचा मागचा भाग बसत राहिला. मडगार्ड कापलं. पदर चाकात जाऊ नये म्हणून असतं ते साडीगार्ड रुंद चाकाला आड यायला लागलं, तेही काढून टाकलं. मागच्याला धरायची दांडी शोभत नव्हती, तीही गेली.

गाडीचा मागचा भाग बदलायचं ठरलं, तो बदलून झाला, आणि मागं जी बसते तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. कल्याण पुढं बसणार होता. मच्छिंद्र तर बसणारच नव्हता.

शनिवारी दुपारी सगळं जुळत आलं आणि मच्छिंद्रच्या ध्यानात आलं की भंगारातून आलेला एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा, आतून वाकलाय. नवा घ्यायला पाहिजे. घोडेगावात दुकान उघडं होतं, माल होता, खिशात पैसे होते. पण वार शनिवार. शनिवारी नवं लोखंड घ्यायचं नाही, हा त्या घरातला कडूबाईचा दंडक. कल्याण आईचं दुसरं काही म्हणजे काही ऐकत नाही. ती म्हणते तंबाखू सोड, सोडत नाही. म्हणते बायकोशी नीट बोल, बोलत नाही. तेवढं लोखंडाचं मात्र पाळतो. शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, उगाच कशाला पंगा. मच्छिंद्रही त्याच मुलखातला, त्यानंही मान डोलावली. जुनं लोखंड चालतं. जुन्याला शनिदेव ओळखत नसावेत. मग दीडशेचाच जुना एक्सल मोठ्या चाकात घातला. तो बारीक, भोकात खुळखुळायला लागला. म्हणून फट भरणाऱ्या बुशऐवजी, म्हणजे धातूच्या नळीऐवजी, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला गुंडाळला आणि वरून नट आवळला.

हे सत्यशीलेला कसं कळलं? त्याच शनिवारी संध्याकाळी ती भाकरी थापत होती. कल्याण ओसरीवर मोबाईल स्पीकरवर टाकून मिशी कातरत होता. मच्छिंद्रचा आवाज भिंत ओलांडून चुलीपर्यंत आला.

"नेली ना हळू? हां. ऐक, आता तिला हात लावू नको. पत्रा हाय त्यो, बुश न्हाई. पत्रा चुरला का चाक तिरकं हुनार, मंग डिस्क आडकंल आन चाक जाग्यावर धरंल. उद्या नवा टाकू, मंग उडव किती उडवायची ती."

"व्हय, व्हय," कल्याण म्हणाला. बायकांना नाही तर देवाला म्हणतात तसं.

आणि रविवारी स्पेअरपार्टचं दुकान बंद असतं. शनिवारी घ्यायचं नाही, रविवारी मिळायचं नाही. हे दोघा बाप्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"आपून एसटीनं जाऊ का?" रविवारी सकाळी, अनूचं आवरून सत्यशीला दारात येऊन म्हणाली. "अनूला वारं लागंल."

कल्याणनं आरशात केस बसवता बसवता तिच्याकडं बघितलं. "आन गाडी काय पूजंला केली?"

"न्हाई, म्हंजी..."

"म्हंजी काय?"

कडूबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जा गं. पोरीच्या जावळाचा दिस हाय, तोंड पाडू नको."

तिनं तोंड पाडलं नाही. अनूला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोटाशी बांधलं, पदराला पिन लावली, निऱ्या गुडघ्यांत दाबून धरल्या आणि त्या उंच सीटवर चढली. चढली म्हणजे झाडावर चढावं तशी. धरायला काही नव्हतं. एक हात अनूच्या पाठीवर, एक कल्याणच्या खांद्यावर. खाली, तिच्या टाचेपासून वितीवर, ते रुंद उघडं चाक.

आता कुणी म्हणेल, सांगून का टाकलं नाही सरळ? सांगणाऱ्यानं तिच्या जागी एकदा बसून बघावं. कल्याण मारकुटा नव्हता. भावकीतल्या बायका तिला नशीबवान म्हणत, कारण त्यानं कधी हात उचलला नव्हता. हात उचलत नव्हता, पण हाताची मूठ पिळत होता. त्याचा सगळा राग उजव्या मनगटातून गाडीत उतरायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी रस्त्यात ती त्याला काहीतरी लागेलसं बोलली होती. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. गाडी पळवली होती. ट्रकच्या दोन रांगांमधून, समोरच्या दिव्यांवर, आणि ती त्याच्या पाठीला माफी मागत बसली होती, वाऱ्यात ऐकू जातं की नाही हे न कळता. घरी आल्यावर तो शांतपणे जेवला होता. तेव्हापासून गाडीवर ती मुकी.

म्हणजे असं की बोललं तर तो पळवणार, आणि पळवली तर पत्रा चुरणार. न बोललं तरी पत्रा चुरणारच, जरा उशिरानं. भीतीला दोन तोंडं होती आणि ती दोन्हींच्या मध्ये पोर बांधून बसली होती.

घोडेगावात गॅरेजवरून जाताना तिनं मान वळवली. शटर खाली होतं. कुलूप होतं. म्हणजे मच्छिंद्र लग्नाला गेला होता नाही तर कुठं मसणात, पण सकाळी इथं कुणी एक्सल बसवला नव्हता. इतका वेळ तिच्या मनात एक बारीकसा कोपरा होता, की हात धुऊन आला असेल, मच्छिंद्रनं फडकं दिलं असेल. तो कोपरा त्या कुलपाबरोबर बंद झाला.

हमरस्त्याला लागल्यावर कल्याण खुलला. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत होते, गाण्यांच्या आवाजात, मागं लाल दिवा नाही की काही नाही. तो त्यांना कापत निघाला.

"बघ, कशी चिकटून चालती रोडला," तो मान मागं न करता ओरडला. "रुंद टायरचा फायदा असतोय ह्यो."

"व्हय," ती म्हणाली.

"कळती का पकड?"

"व्हय."

तिला कळत होतं ते दुसरंच. सीटखालून, कमरेच्या मणक्यात, मधूनच एक हालचाल येत होती. झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या जबड्यासारखी. एका खड्ड्यानंतर चाक किंचित डावीकडं गेलं आणि परत आलं. कल्याणला ते लागलं नाही, किंवा लागलं आणि त्यानं लागू दिलं नाही. पुढं बसणाऱ्याच्या हातात हँडल असतं, मागं बसणाऱ्याच्या हातात काय असतं? तिनं गुडघे आवळले. उजवीकडून हायवा डंपर गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं गाडी ढकलली आणि खालून आवाज आला. चक्. मग पुन्हा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, घासल्यासारखा.

पांढरीपूल आलं की पुढं इमामपूरचा घाट. वळणं, चढ, खाली येणारे भरलेले ट्रक. घाटात चाक धरलं तर तिघंही कुठल्या बाजूला पडणार, हे ती मनात मोजायला लागली. उजवीकडं पडलं तर ट्रक. डावीकडं पडलं तर कठडा, असला तर.

थांबवायला पाहिजे. न सांगता थांबवायला पाहिजे.

अनू झोपली होती. तिचं तोंड पदराखाली, गालावर लाळेचा थेंब. सत्यशीलेनं पट्टीखालून हात घातला, पोरीच्या मांडीचं कोवळं मांस दोन बोटांत धरलं आणि चिमटा काढला. जोरात. पोर क्षणभर श्वास धरून राहिली आणि मग तिनं असा टाहो फोडला की कल्याणचे खांदे वर गेले.

"काय झालं तिला?"

"भूक लागली वाटतं. थांबवा की पुलावर."

"घरनं पाजून निघायचं कळत न्हाई?"

"थांबवा की."

तो थांबला. भेळीच्या दुकानांच्या रांगेत पहिल्याच दुकानापुढं. सत्यशीला खाली उतरली. ती बाकड्यावर बसली. अनूला छातीशी घेतलं, मांडीवरचा लाल डाग झबल्यानं झाकला. पोरगी रडता रडता आईकडंच बघत होती.

भेळवाली म्हातारी, दगडाबाई, कांदा चिरता चिरता म्हणाली, "पानी घे बाई. रंग उडालाय तुझा."

तेवढ्यात दोन-तीन पोरं गाडीभोवती जमली. एमआयडीसीतली असावीत, गळ्यात कार्डं.

"दादा, मागचा सेटअप दोनशेवीसचा का?"

"मंग," कल्याण म्हणाला. एका शब्दात त्याची छाती वीतभर वाढली. "चिमटा, चाक, डिस्क, समदं."

"काय कापायला लागलं?"

"थोडं. बसवनाऱ्याच्या हातात असतं त्ये."

सत्यशीला उठली. अनूला खांद्यावर टाकून ती गाडीच्या मागून फिरली, पोरांना वाटलं सावली शोधतेय, आणि नटाशी वाकली. नटाच्या कडेनं पत्र्याची एक जीभ बाहेर आली होती. चकचकीत, ताज्या चुऱ्याची. तिच्यावर डब्याचा हिरवा रंग अजून दिसत होता. तिनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. तापलं होतं. चाकही बघितलं. एका अंगानं चेनकडं झुकलेलं, जरासंच, शाळेच्या रांगेत एखादं पोर पुढं डोकावतं तेवढं.

"काय बघती?" कल्याण हसत म्हणाला. हसू पोरांसाठी होतं.

"पत्रा भाईर आलाय."

"कसला पत्रा?"

"एक्सलचा." तिचा आवाज तिला लांबून ऐकू येत होता. "फोन स्पीकरवर हुता तुमचा काल."

पोरांतल्या एकानं खाली वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. कल्याणचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला होता. तो तिच्या जवळ आला, कानाशी, प्रेमानं काही सांगावं तसा.

"बस."

ती बसली नाही.

"घाट चढला का आलंच सावेडी. तिथं मेकॅनिक हायेत. बस म्हनलं ना."

"आपून दोघंबी एसटीनं जाऊ. गाडी राहू द्या हितं."

"तुझ्या भावाला काय सांगू? चाकावर आलो म्हनू का चाक सोडून आलो?"

"काय पन सांगा."

"शीले, चारचौघांत शोभा करू नको. बस."

तिला भीती वाटत नव्हती असं लिहिणं खोटं होईल. घरी गेल्यावर पुढले कित्येक दिवस त्या घरात काय शांतता पसरेल ती तिला आत्ताच ऐकू येत होती. कडूबाई म्हणतील, नवऱ्याला रस्त्यात सोडलं. भावकी म्हणेल, हात उचलत नाही म्हणून माजली. हे सगळं तिला दिसत होतं. पण अनूच्या मांडीवरचा डागही दिसत होता. पोरीला चिमटा काढावा लागतो असल्या गाडीवर ती पोरीला घेऊन परत चढणार नव्हती.

"मी न्हाई बसत," ती म्हणाली. "पोर न्हाई देत त्या गाडीवर."

कल्याण पोरांकडं वळला. "बाईमानसाला डिस्कचं भेव वाटतंय," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर कदाचित त्याचा राग तिथंच जिरला असता. त्यानं किक मारली, पहिल्या गिअरलाच गाडी उसळवली आणि मागं न बघता घाटाकडं गेला.

मनगट. तिला ते लांबून दिसलं, पिळलेलं.

आणि मग जे झालं ते तिला स्वतःलाही समजलं नाही. सुटले असं वाटायला पाहिजे होतं, तर भीती दुप्पट झाली. आतापर्यंत ती पोरीसाठी भीत होती, आता त्या माणसासाठी भ्यायला लागली. घाटावर चढत जाणारा तो आवाज ती ऐकत राहिली. ट्रकांच्या घरघरीत तो बुडायचा, परत वर यायचा, अजून वर, अजून पातळ. मग आला नाही.

"गेला असंल पल्याड," दगडाबाई म्हणाली.

सत्यशीलेनं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना तो उचलत नाही. पडलेला माणूसही उचलत नाही. वाजणाऱ्या फोनवरून यातलं कुठलं हे कळायची काही सोय नाही.

"ज्यानं ह्ये जोडून दिलं त्याला रस्त्यात फोडलं पायजे," म्हातारी कांद्याला म्हणाली. मग तिच्याकडं बघून, "एसटी येईल आता. हात कर, थांबती."

लालपरी आली, गच्च भरलेली. कंडक्टरनं पोर बघून एका माणसाला उठवलं आणि खिडकीची जागा दिली. "महिला, अर्धं," त्यानं तिकीट फाडलं. खिडकी नको होती तिला. खिडकीतून रस्ता दिसतो.

बस घाटाला लागली. पहिल्या वळणाला काही नव्हतं. दुसऱ्या वळणाला माणसं जमली होती आणि ती जागेवरून अर्धी उठली. पंक्चर झालेला टेम्पो होता, माणसं मुतायला उतरली होती. शेजारची बाई विचारत होती पोरीचं नाव काय, महिन्याची किती. सत्यशीला उत्तरं देत होती आणि ती उत्तरं कोण देतंय हे तिला ठाऊक नव्हतं. कठड्याचा एक तुकडा तुटलेला दिसला. जुना होता, त्यातून गवत उगवलेलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि बस कण्हत पुढं सरकली. तिनं लावलेला फोन अजून वाजतच होता.

मग रस्त्यावर एक काळी रेघ सुरू झाली.

सरळ नव्हती. आधी बारीक, मग रुंद, मग नागमोडी, आपल्या बाजूनं निघून समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेलेली आणि तिथून डोंगराकडं वळलेली. तिनं ती रेघ डोळ्यांनी धरली. तिचं दुसरं टोक कुठं आहे ते बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

टोकाला गाडी आडवी पडली होती, डोंगराच्या कडेच्या गटारात. मागचं चाक चिमट्यात तिरकं अडकलेलं, मोडलेल्या मानेसारखं. आणि गाडीपासून थोडा पुढं, दगडावर, कल्याण बसला होता. एक बाही खांद्यापर्यंत फाटलेली. कोपराचं मांस उघडं. तो हात वर करत होता, पण हात पुरता वर जात नव्हता.

"थांबवा," ती म्हणाली. कंडक्टरला ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली. "थांबवा. आमचं मानूस हाय."

बस थांबली. कल्याण चढला. लोकांनी वाट करून दिली, कुणी पाण्याची बाटली पुढं केली, कुणी म्हणालं नशीब, ट्रक नव्हता त्या टायमाला. कंडक्टरनं तिकीट दिलं तेव्हा ते त्याच्या बोटांत राहीना, खाली पडलं, परत पडलं, शेवटी शेजारच्या बाईनं उचलून त्याच्या वरच्या खिशात घातलं. ती बाई उठली आणि म्हणाली, बसा दादा. तो सत्यशीलेशेजारी बसला.

घाट चढून बस सपाटीला लागली तेव्हा तो पुटपुटला, "हातातच राह्यली न्हाई. एकदम धरलं चाक. मागं तुमी असता तर..."

तिनं अनूचं झबलं मांडीवरून खाली ओढलं.

"अमृतला काय सांगनार?" जरा वेळानं त्यानं विचारलं.

"झालं ते."

"समदं?"

"समदं."

तिची भीती गेली नव्हती. आज बसमध्ये तो थरथरतोय, उद्या कोपरावर खपली धरेल आणि मग तो परत तोच असेल की दुसरा, हे कोण सांगणार? तिला ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्याचा थरकाप तिच्या खांद्यात उतरत होता आणि ती सरकून बसली नाही, पण टेकलीही नाही.

अनू जागी झाली. बापाला बघून तिनं ओठ पसरले आणि त्याच्या फाटक्या बाहीकडं झेपावली. कल्याणनं रक्ताळलेले, हलणारे दोन्ही हात पुढं केले.

"आन हिकडं. घेतो थोडा वेळ."

सत्यशीलेनं त्या हातांकडं बघितलं. मग लुगड्याच्या पट्टीची गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली, आणि पोरीला आपल्याच पोटाशी धरून बसली.

"राहू द्या," ती म्हणाली.

त्याचे हात तसेच थोडा वेळ पुढं राहिले. मग त्यानं ते मांडीवर ठेवले. खिडकीबाहेर जेऊर गाव मागं पडलं.